कमळ नावाची गाडी



मागच्या महिन्यात मधल्या वर्गात फुलांची नावे शिकवणे चालू होते. मोगरा झाला, जाई झाली, झेंडू झाला. बाईंनी कमळाचे चित्र दाखवून इंग्रजीत त्याला लोटस म्हणतात असे सांगितले, तेव्हा मागे बसलेल्या एका चिरंजीवांनी ठासून सांगितले की लोटस हे फूल नाही, ती गाडी आहे. वर्गात हशा पिकला. पण बाहेर चहाचे कप हातात घेऊन उभ्या असलेल्या आम्हा संपादक मंडळींना मात्र विषय मिळाला. कारण ही कमळ नावाची गाडी जन्मली ती आपला वर्ग भरतो त्याच उत्तर लंडनमध्ये. ती कारखान्यात तयार झाली नाही. एका विद्यार्थ्याने आपल्या मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजमध्ये, एका जुनाट गाडीच्या सांगाड्यावर ती उभी केली.

त्या विद्यार्थ्याचे नाव कॉलिन चॅपमन. त्याचा फोटो छापायचा मोह आम्हाला झाला होता, पण आपल्या झेरॉक्स मशिनवर फोटो काळा ठिक्कर येतो हे दिवाळी अंकात सर्वांनी पाहिलेच आहे. तेव्हा बारीक मिशी, डोक्याला काळी टोपी आणि सतत घाईत असलेला चेहरा, एवढे डोळ्यांसमोर आणा म्हणजे झाले.

कॉलिनचा जन्म १९ मे १९२८ रोजी रिचमंड इथे झाला, पण तो लहानाचा मोठा झाला हॉर्नसी आणि मझवेल हिल या भागात. त्याचे वडील स्टॅन्ली चॅपमन हॉर्नसी स्टेशनजवळ टॉटनहॅम लेनवर रेल्वे हॉटेल चालवत. हॉटेल म्हणजे आपले इडली-डोशाचे उडप्याचे हॉटेल नव्हे. तो पब होता आणि त्याच्या मागे जुने तबेले होते. हे तबेले लक्षात ठेवा, गोष्टीत पुढे त्यांना फार महत्त्व आहे.

१९४५ मध्ये महायुद्ध संपले, त्याच वर्षी कॉलिन युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये दाखल झाला. विषय होता पूल आणि इमारती यांच्या बांधणीचे शास्त्र. कुठल्या दांडीवर किती भार येतो, कुठली दांडी नसली तरी चालेल, याचा हिशेब करायला तिथे शिकवत. साधारण याच सुमारास एका नाचाच्या कार्यक्रमात त्याची हेझल विल्यम्सशी ओळख झाली. हेझलशिवाय पुढचे काहीच घडले नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कॉलेजच्या जवळच वॉरन स्ट्रीट आहे. आपण तिथे ट्यूब बदलतो. त्या काळी या रस्त्याच्या कडेला जुन्या गाड्यांचा बाजार भरायचा. युद्धानंतर नव्या गाड्या मिळत नव्हत्या, कारण देशाला परदेशी चलन हवे होते आणि कारखान्यांतून निघालेल्या बहुतेक गाड्या निर्यात होत. त्यामुळे जुन्या गाड्यांना सोन्याचा भाव आला होता. कॉलिन आणि त्याचा एक वर्गमित्र तासांच्या मधल्या वेळात तिथे जात, एखादी खटारा गाडी घेत, ठाकठीक करत आणि विकत. गाड्या ठेवायला जागा होती हेझलच्या आईवडिलांच्या घरामागची. धंदा छान चालला होता. अभ्यास किती चालला होता हे आम्ही विचारत नाही, पण १९४८ साली पदवीच्या परीक्षेत हे महाशय गणितात नापास झाले! तो पेपर पुन्हा देऊन पदवी मिळायला आणखी एक वर्ष गेले. (आईबाबा, आठ वर्षांच्या वरच्या मुलांना हे वाक्य वाचून दाखवायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा.)

त्याआधी १९४७ च्या शेवटी एक संकट कोसळले. सरकारने खाजगी गाड्यांना मिळणारे पेट्रोलचे रेशन बंद केले. रेशन म्हणजे काय हे ज्यांनी गावाकडे केरोसीनच्या रांगा पाहिल्या आहेत त्या आईबाबांनी मुलांना सांगावे. पेट्रोलच नाही म्हटल्यावर गाडी कोण घेणार? एका झटक्यात भाव कोसळले. कॉलिनला सगळ्या गाड्या मिळेल त्या किमतीला काढून टाकाव्या लागल्या आणि मिळवलेला सगळा नफा त्यात गेला. उरली एकच गाडी, जी कोणी घेतली नाही. ती होती युद्धापूर्वीची, वापरून वापरून खिळखिळी झालेली ऑस्टिन सेव्हन.

आता या ऑस्टिन सेव्हनबद्दल थोडे सांगायला हवे. ही गाडी १९२२ साली बाजारात आली आणि १९३९ पर्यंत तिच्या सुमारे २,९०,००० प्रती निघाल्या. इंजिन अवघे ७४७ सीसीचे. आपल्या बजाज स्कूटरचे असायचे १५० सीसी, म्हणजे पाच स्कूटरी एकत्र केल्यासारखे. ज्या माणसाला मोटारसायकलला साइडकार जोडून बायकामुलांना न्यावे लागत होते, त्याला या गाडीने पहिल्यांदा डोक्यावर छप्पर दिले. युद्ध संपेपर्यंत या गाड्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. पत्रा गंजलेला, लाकूड कुजलेले, पण आतले इंजिन, गिअर आणि चाके मात्र दणकट. भंगारवाल्यांच्या आवारात त्या ढिगाने पडलेल्या असत.

इथेच इंग्लंडमधल्या हौशी तरुणांना एक खेळ सापडला. मोडकी ऑस्टिन घ्यायची, वरची कुजलेली बॉडी काढून फेकून द्यायची, उरलेल्या सांगाड्यावर स्वतः ठोकलेल्या पत्र्याची, बुटकी आणि निमुळती बॉडी बसवायची, की झाली तुमची शर्यतीची गाडी. अशा गाडीला ते स्पेशल म्हणत. एकीचे दिवे, दुसरीचे स्टिअरिंग, तिसरीची पेट्रोलची टाकी, असा सगळा गोतावळा. या हौशी लोकांनी १९३९ मध्ये एक संस्थाही काढली होती, ७५० मोटर क्लब. सभासद एकमेकांना आराखडे देत, चुका सांगत, सुटे भाग उसने देत. पैसा नसलेल्या माणसालाही शर्यतीत उतरता यावे हा त्यांचा हेतू होता. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी तासन्तास रमणारे आपल्या वर्गातले एकदोन बाबा तिथे असते तर रात्री जेवायलाही घरी आले नसते.

कॉलिनने हेझलच्या घरामागच्या गॅरेजमध्ये न विकली गेलेली ऑस्टिन सोडवायला घेतली. इतर लोक काय करत? जुन्या सांगाड्यावर नवी बॉडी बसवत आणि इंजिन जास्त पळवायच्या मागे लागत. कॉलिन इंजिनाकडे नंतर वळला. त्याने आधी सांगाडा पाहिला. ऑस्टिनचा सांगाडा इंग्रजी ए अक्षरासारखा, पुढे निमुळता. त्याच्या पट्ट्या पन्हळीसारख्या एका बाजूने उघड्या. त्यामुळे गाडी जोरात वळवली की सांगाडा पिळायचा आणि पिळणाऱ्या सांगाड्यावर चाके नीट टेकत नाहीत.

मुलांनो, एक प्रयोग करा. बुटांचे रिकामे खोके घ्या आणि झाकण काढून दोन्ही हातांनी पिळा. सहज पिळते ना? आता झाकण लावा, कडेने सेलोटेप चिकटवा आणि पुन्हा पिळून पाहा. बघा किती ताठ झाले ते! कॉलिनने नेमके हेच केले. पन्हळीची उघडी बाजू पत्र्याने बंद करून पट्टीचे खोके केले. मग बॉडीसाठी त्याने अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेले प्लायवूड वापरले आणि आत आडव्या भिंती घातल्या. आता बॉडी नुसती शोभेची राहिली नाही, तीही भार उचलू लागली. विमाने अशीच बांधतात. कॉलेजच्या हवाई पथकात कॉलिन विमान चालवायलाही शिकला होता, आणि तिथे पाहिलेले तो डोक्यात साठवत असणार.

हातात पाना धरायला हेझल बरोबरीने होती. १९४८ मध्ये गाडी तयार झाली. तिला नवा नंबर मिळाला ओएक्स ९२९२, आणि नवे नाव मिळाले लोटस.

हे नाव का? मधल्या वर्गातल्या आमच्या मित्राचा पहिला प्रश्न हाच होता. कॉलिनने ते जन्मभर कोणाला सांगितले नाही. लाडाने तो हेझलला कमळाचे फूल म्हणायचा, म्हणून गाडीचे नाव लोटस, असा लोकांचा एक तर्क आहे. आमच्या मंडळातल्या दोघींना हा तर्क शंभर टक्के पटला आहे, उरलेल्या दोघांना पुरावा हवा आहे.

या गाडीतून कॉलिन आणि हेझल चिखलाच्या चढांच्या स्पर्धांत जात. तिथे वेगापेक्षा महत्त्व असते ते न थांबता, न घसरता वर पोचण्याला. मागची चाके चिखलात रुतून फिरू लागली की शेजारी बसलेल्याने जागच्या जागी उड्या मारायच्या, म्हणजे चाकांवर वजन येऊन पकड मिळते! आपल्या आईबाबांची लग्नाआधीची करमणूक म्हणजे सिनेमा आणि भेळ. यांची ही अशी.

पदवीनंतर कॉलिन थोडे दिवस हवाई दलात होता, मग अ‍ॅल्युमिनियम विकणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागला. गाड्यांचा नाद सुटला नव्हताच. दुसरी लोटस घेऊन तो १९५० च्या जूनमध्ये सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत उतरला आणि त्याच्या घरगुती गाडीने एका बुगाट्टीला मागे टाकले. तिसरी गाडी त्याने ७५० क्लबच्या शर्यतींसाठी बांधली. जवळच राहणारे मायकेल आणि नायजेल अ‍ॅलन हे भाऊ तिच्या कामात त्याच्याबरोबर होते.

या तिसऱ्या गाडीची गंमत ऐकण्यासारखी आहे. ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडर, पण पेट्रोल आणि हवा आत यायला वाटा दोनच. म्हणजे दोन-दोन भावंडांत एक ताट. एकाने घास घेतला की दुसऱ्याला कमी! सगळे जण हा इंजिनाचा स्वभावच म्हणून सोडून देत. कॉलिनने सामाईक वाटेच्या मधोमध पडदा घालून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट करून दिली. १९५१ च्या मोसमात त्याच्या गाडीसमोर कोणी टिकेना. क्लबने काय करावे? पुढच्या वर्षासाठी नियमच बदलला आणि ही युक्ती बंद केली. नियम बारकाईने वाचायचा, त्यात लिहिले नसेल ते करून मोकळे व्हायचे, मग नियम करणाऱ्यांनी डोक्याला हात लावायचा, हा प्रकार पुढे तीस वर्षे चालला.

१ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनिअरिंग कंपनी सुरू झाली. जागा होती वडिलांच्या रेल्वे हॉटेलमागचे तबेले. भांडवल होते २५ पौंड, तेही हेझलने दिलेले. कॉलिन दिवसा नोकरी करायचा आणि संध्याकाळी तबेल्यात यायचा. मदतीला येणारे मित्रही दिवसभर कुठेतरी नोकरी करूनच येत. १९५५ सुरू होईपर्यंत त्याने नोकरी सोडली नव्हती.

कंपनी पहिल्याच वर्षी बुडायची वेळ आली. त्यांनी मार्क सिक्स नावाची नवी गाडी बांधली होती, एकुलती एक. ऑगस्टच्या सुट्टीत शर्यतीला जात असताना वाटेत पाव पोचवणाऱ्या एका व्हॅनशी तिची टक्कर झाली आणि गाडीचा चुराडा झाला. चालवणारा नायजेल वाचला हे नशीब. मायकेल अ‍ॅलनने धंद्यातून अंग काढून घेतले. पण गाडीचा विमा उतरवलेला होता! ते पैसे हातात आले आणि त्यांवर कॉलिनने पुन्हा सुरुवात केली.

मार्क सिक्सचा सांगाडा बारीक पोलादी नळ्यांचा होता आणि वजन फक्त २५ किलो. मधल्या वर्गातल्या एखाद्या मुलाएवढे! इतका हलका सांगाडा इंजिन आणि माणसे कशी पेलतो? पुन्हा प्रयोग. सरबताच्या चार नळ्यांचा चौकोन करा, कोपऱ्यांना टाचण्या लावा. ढकलला की तो वाकडा होतो. आता तीन नळ्यांचा त्रिकोण करा. कितीही ढकला, हलणार नाही. मार्क सिक्सच्या सांगाड्यात असे त्रिकोणच त्रिकोण होते. रेल्वेच्या पुलांचे लोखंडी त्रिकोण तुम्ही पाहिलेच असतील. पूल बांधायला शिकलेल्या माणसाने पुलालाच चाके लावली असे म्हणा ना.

आणि ही गाडी तो पूर्ण विकतच नसे. सुटे भाग विकायचा. सांगाडा आणि अ‍ॅल्युमिनियमची बॉडी लोटसकडून घ्यायची, बाकीचे गिऱ्हाइकाने आणायचे. ते यायचे बहुधा जुन्या फोर्डमधून. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल. पुढचा एक्सल लोटसकडे नेऊन दिला की ते तो मधोमध कापून दोन तुकडे करत, म्हणजे दोन्ही चाके आपापली स्वतंत्रपणे वरखाली होत. मग आठवड्याची नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार गॅरेजमध्ये घालवून, गिऱ्हाईक स्वतः गाडी जोडायचे. अशा सुमारे शंभर मार्क सिक्स विकल्या गेल्या.

सुटे भाग विकण्यामागे एक हिशेब होता. त्या काळी नव्या तयार गाडीवर पर्चेस टॅक्स नावाचा जबर कर होता. घरी जोडलेल्या गाडीवर तो लागत नसे. १९५७ साली लोटस सेव्हन ही त्याची सर्वांत गाजलेली घरी जोडायची गाडी आली, तेव्हाही हीच सवलत होती, पण अट अशी की गाडी कशी जोडावी याची पुस्तिका बरोबर द्यायची नाही. मग चॅपमनने गाडी कशी सोडवावी याची पुस्तिका दिली, आणि लोकांनी ती शेवटापासून सुरुवातीकडे वाचली, असे सांगतात. गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असेलही, पण तबेल्यातल्या या माणसाला ती शोभते. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीने घेतले. ती गाडी आजही बनते, आणि आजही हवी असेल तर सुट्या भागांत मिळते.

तबेल्याकडे माणसे ओढली जात होती. विमान कंपनीत काम करणारा माइक कॉस्टिन आला. १९५४ मध्ये एका शर्यतीनंतर ग्रॅहम हिल नावाच्या तरुणाने लंडनला परतायला लिफ्ट मागितली, ती मिळाली चॅपमनच्या मंडळींकडून. थोड्याच दिवसांत तो दिवसाला एक पौंड घेऊन लोटसमध्ये मेकॅनिक झाला. हाच ग्रॅहम हिल पुढे दोनदा जगज्जेता झाला, १९६२ आणि १९६८ मध्ये, आणि दुसऱ्यांदा लोटसच्याच गाडीतून! १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये कॉलिन आणि हेझलचे लग्न झाले. त्यांना दोन मुली आणि एक मुलगा झाला.

इथून पुढची कथा मोठ्या शर्यतींची आहे आणि ती बाबा मंडळींना पाठ आहे, म्हणून भरभर सांगतो. लोटस फॉर्म्युला वनमध्ये आली १९५८ साली. १९६० मध्ये स्टर्लिंग मॉसने लोटसमधून मोनॅको जिंकले. १९६२ मध्ये चॅपमनने नळ्यांचा सांगाडाच काढून टाकला आणि ड्रायव्हरभोवती पत्र्याची पोकळ होडी केली. तिची पहिली आकृती त्याने एका रेस्टॉरंटमध्ये जेवताना रुमालावर काढली होती म्हणतात. या गाडीतून स्कॉटलंडचा शेतकरी जिम क्लार्क १९६३ मध्ये जगज्जेता झाला, १९६५ मध्ये पुन्हा झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेतली इंडियानापोलिसची शर्यतही त्याने जिंकली. १९७० च्या दशकाच्या शेवटी चॅपमनने विमानाचा पंख उलटा केला. पंख विमानाला वर उचलतो, उलटा पंख गाडीला खाली दाबतो आणि वळणावर ती रस्त्याला चिकटून राहते. १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती या गाडीतून जगज्जेता झाला. गाडी जिंकली की चॅपमन डोक्यावरची काळी टोपी हवेत भिरकावायचा. गाडी बनवणाऱ्यांचे विजेतेपद लोटसने सात वेळा मिळवले. हॉर्नसीचे तबेले केव्हाच सुटले होते. कंपनी १९५९ मध्ये चेशंटला आणि १९६६ मध्ये नॉरफोकमध्ये हेथेल इथल्या युद्धकाळातल्या विमानतळावर गेली.

आता जे सांगायचे आहे ते सांगावे की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. मुलांच्या अंकात नको, असे एक मत होते. पण अर्धी गोष्ट सांगणे म्हणजे फसवणे, असे ठरले.

गाडी हलकी करायची म्हणजे जिथे जिथे साहित्य जास्त आहे तिथून काढायचे. किती काढले म्हणजे पुरे? पूल बांधणारा माणूस जरा जास्तच लोखंड घालतो, कारण पुलावरून आपण जाणार असतो. चॅपमनचा कल दुसरीकडे होता. १९६० मध्ये बेल्जियमच्या शर्यतीच्या सरावात एकाच दिवशी लोटसच्या दोन गाड्यांनी दगा दिला. मॉसच्या गाडीचे चाक निखळले, तर माइक टेलरचे स्टिअरिंग तुटले. दोघेही जबर जखमी झाले आणि टेलरची कारकीर्द तिथेच संपली. १९६८ च्या एप्रिलमध्ये जर्मनीत हॉकेनहाइमला जिम क्लार्क गेला. बहुधा टायरमधली हवा गेली होती. क्लार्क चॅपमनचा जिवलग मित्र होता आणि हा घाव त्याला फार लागला. मग आला योखेन रिन्ट. गाड्या फार नाजूक आहेत, त्यांच्यावर विश्वास बसत नाही, असे त्याने चॅपमनला पत्र लिहून कळवले होते. १९७० च्या ५ सप्टेंबरला इटलीत मोन्झा इथे सरावाच्या वेळी त्याच्या लोटसच्या पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला आणि तो गेला. त्या वर्षी त्याचे गुण इतके झाले होते की पुढे कोणीच त्याला गाठू शकले नाही. मृत्यूनंतर जगज्जेता ठरलेला तो एकटाच.

चॅपमनच्या बाजूनेही बोलायला हवे. त्या काळी मैदानेच धोकादायक होती, इतर कंपन्यांच्या गाड्यांतही माणसे मरत होती. आणि आजच्या प्रत्येक गाडीत त्याच्या हलकेपणाच्या विचाराचा अंश आहे, कारण हलकी गाडी पेट्रोल कमी पिते आणि लवकर थांबते. तरीसुद्धा रिन्टचे ते पत्र डोळ्यांसमोरून जात नाही. आमच्यापैकी एक जण स्वतः इंजिनिअर आहेत. ते म्हणाले की नोकरीच्या पहिल्या दिवशी हे पत्र वाचायला द्यायला हवे होते.

दुसरी वाईट गोष्ट पैशांची. वर्गातल्या मुलांना टाइम मशिन झालेली, पंखांसारखी दारे उघडणारी डीलोरियन गाडी सिनेमामुळे माहीत आहे. ती उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ बनली, ब्रिटिश सरकारच्या पैशातून, तिथल्या बेकार लोकांना काम मिळावे म्हणून. गाडी रस्त्यावर आणायचे तांत्रिक काम लोटसकडे होते. १९८२ मध्ये कंपनी बुडाली आणि लक्षात आले की सुमारे १ कोटी ७६ लाख डॉलर भलत्याच वाटेने गेले होते. ज्यांच्यासाठी तो पैसा होता ते कामगार रस्त्यावर आले. खटला उभा राहीपर्यंत चॅपमन हयात नव्हता. १९९२ मध्ये लोटसचे हिशेब पाहणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि चॅपमन जिवंत असता तर त्याला किमान दहा वर्षे तुरुंगात पाठवले असते असे न्यायाधीशांनी बोलून दाखवले. नियमाच्या फटीत पाय घालायची सवय गमतीच्या गोष्टीपासून कुठपर्यंत गेली पाहा.

कॉलिन चॅपमन १६ डिसेंबर १९८२ रोजी पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने वारला. वय ५४. त्याच दिवशी नॉरफोकच्या मैदानावर लोटसच्या एका गाडीची पहिली चाचणी होती. तिचे सस्पेन्शन रस्त्याप्रमाणे स्वतःच हलणारे होते. चाचणी झाली.

हेझल २०२१ पर्यंत होती. मुलगा क्लाइव्ह जुन्या शर्यतीच्या लोटस सांभाळतो. लोटसच्या गोल बिल्ल्यावर नावाच्या वर चार अक्षरे एकमेकांत गुंफलेली दिसतात. अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन या पूर्ण नावाची ती आद्याक्षरे. पुढच्या वेळी कार पार्कमध्ये लोटस दिसली तर जवळ जाऊन पाहा, मात्र हात लावू नका, मालक चिडतात.

आणि ती पहिली गाडी? पुढच्या गाडीसाठी पैसे हवे होते म्हणून कॉलिनने १९५० मध्ये एका मोटारींच्या मासिकात जाहिरात देऊन ती विकली. उत्तर इंग्लंडमधल्या कोणीतरी ती नेली. तिथून पुढे तिचा माग लागत नाही. २०१८ मध्ये लोटसच्या लोकांनी सर्वांना आवाहन केले की कोणाच्या गॅरेजमध्ये, गोठ्यात, अडगळीत ती पडली असेल तर कळवा. वर प्लायवूड, खाली ऑस्टिनचा सांगाडा, नंबर ओएक्स ९२९२. ईस्टरच्या सुट्टीत आपली बरीच मंडळी यॉर्कशायर आणि लेक डिस्ट्रिक्टकडे जाणार आहेत. शेतावरच्या घरात उतरणार असाल तर मागच्या पडवीत एक नजर टाकायला विसरू नका.